आरोपी की रुग्ण? अफूजन्य पदार्थांचे व्यसन, ओव्हरडोस आणि आपला कायदा

अमली पदार्थांच्या बातम्या आपल्याकडे बहुधा वजनात आणि रुपयांत सांगितल्या जातात: इतके किलो माल पकडला, त्याची बाजारातील किंमत इतके कोटी, इतके जण अटकेत. त्या मालाच्या शेवटच्या टोकाला जो माणूस असतो, ज्याला सकाळी पुडी मिळाली नाही तर अंग मोडून येते, नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागते आणि पोटात पीळ पडतो, त्याचे पुढे काय होते हे बातमीत क्वचितच येते. पोलिसांनी त्याला पकडले तर कायदा त्याच्याकडे गुन्हेगार म्हणून पाहतो की आजारी माणूस म्हणून? मात्रा जास्त होऊन त्याचा श्वास अडखळू लागला आणि शेजारी बसलेल्या मित्राने रुग्णवाहिका बोलावली, तर त्या मित्रालाही अटक होते का? ज्या घरात हे प्रश्न उभे राहतात, त्या घराला त्या क्षणी कायद्याची पुस्तके चाळायला सवड नसते, म्हणून त्यांची उत्तरे आधीच समजून घेतलेली बरी.

आधी पदार्थ समजून घेऊ

अफूच्या बोंडाला चीर दिली की जो चीक पाझरतो, त्यापासून मॉर्फीन आणि कोडीन मिळते, आणि मॉर्फीनवर रासायनिक प्रक्रिया केली की हेरॉइन तयार होते. मुंबई-पुण्यात ज्याला ब्राउन शुगर किंवा गर्द म्हणतात, ते भेसळ केलेले, कमी शुद्धतेचे हेरॉइन असते. ट्रामाडोल, फेंटानिल, मेथाडोन ही औषधे बोंडातून येत नाहीत, ती कारखान्यात बनतात, आणि ब्युप्रेनॉर्फिन बोंडातीलच एका घटकावर कारखान्यात प्रक्रिया करून बनवतात, पण मेंदूतील ज्या ठिकाणी मॉर्फीन जाऊन बसते त्याच ठिकाणी तीही बसतात. या लेखात या सगळ्यांना मिळून ‘अफूजन्य पदार्थ’ म्हटले आहे. महाराष्ट्रात सध्या ज्याच्या बातम्या सर्वाधिक येतात ते एमडी (मेफेड्रोन), तसेच गांजा आणि कोकेन हे या गटात येत नाहीत.

हा भेद महत्त्वाचा आहे, कारण अफूजन्य पदार्थांचा धोका वेगळ्या जातीचा आहे. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या श्वसनकेंद्राला मंद करतात. मात्रा शरीराच्या सवयीपेक्षा जास्त झाली की माणूस हाका मारूनही उठत नाही, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, ओठ निळसर पडतात आणि श्वास थांबत जातो. यालाच ओव्हरडोस म्हणतात. मात्र या विषबाधेवर नॅलॉक्सोन नावाचा उतारा उपलब्ध आहे. तो अफूजन्य रेणूंना मेंदूतील त्यांच्या जागेवरून हटवतो आणि काही मिनिटांत श्वास परत आणू शकतो. त्याचा परिणाम तास-दीड तासात ओसरतो, त्यामुळे रुग्णाला दवाखान्यात न्यावेच लागते. अशा मृत्यूंपैकी पुष्कळ मृत्यू टाळता येण्याजोगे असतात ते या उताऱ्यामुळे, आणि ते टाळले जातात की नाही हे बऱ्याच अंशी कायद्यावर अवलंबून असते.

आपल्या देशात हा प्रश्न किरकोळ नाही. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्सकडून करून घेतलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी सर्वेक्षणात अफूजन्य पदार्थ घेणाऱ्यांचे प्रमाण २.०६ टक्के आढळले, आणि सुमारे ७७ लाख लोकांना त्यासाठी मदतीची गरज असल्याचा अंदाज मांडला गेला. अशा लोकांची संख्या सर्वाधिक असलेल्या मोजक्या राज्यांत महाराष्ट्राचे नाव होते.

कायद्याचा हिशेब वजनावर चालतो

१४ नोव्हेंबर १९८५ रोजी लागू झालेल्या, अमली पदार्थांविषयीच्या आपल्या कायद्याचे पूर्ण नाव ‘गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५’ असे आहे. न्यायालयात आणि पोलीस ठाण्यात सगळे त्याला, इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून, एनडीपीएस म्हणतात. वैद्यकीय आणि वैज्ञानिक कारण सोडून अन्य कोणत्याही कारणासाठी असे पदार्थ बनवणे, बाळगणे, विकणे, नेणे आणि सेवन करणे या कायद्याने गुन्हा आहे. वैद्यकीय कारणासाठीची अफू मात्र आपल्याच देशात, मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातील काही जिल्ह्यांत, सरकारी परवान्याने पिकवली जाते आणि नीमच व गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होते.

सुरुवातीला हा कायदा फार सरधोपट होता. चार पुड्या जवळ असलेला आणि चार पोती नेणारा यांच्यात तो पुरेसा फरक करत नव्हता. २००१ च्या दुरुस्तीने शिक्षेच्या तीन पायऱ्या केल्या. हेरॉइनच्या बाबतीत ५ ग्रॅमहून कमी साठा ‘अल्प प्रमाण’ मानला जातो आणि त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. २५० ग्रॅमहून जास्त म्हणजे ‘व्यापारी प्रमाण’, ज्याला किमान १० आणि कमाल २० वर्षे सक्तमजुरी आणि किमान एक लाख रुपये दंड आहे. या दोहोंच्या मधल्या साठ्याला १० वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. नुसत्या सेवनासाठी कलम २७ वेगळे आहे, त्यात हेरॉइन, मॉर्फीन किंवा कोकेन घेतल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

जामिनाचेही गणित याच वजनावर बसते. व्यापारी प्रमाणाच्या गुन्ह्यात कलम ३७ नुसार, आरोपी निर्दोष असावा असे मानण्यास सबळ कारण आहे आणि सुटल्यावर तो पुन्हा गुन्हा करणार नाही, अशी न्यायाधीशांची खात्री पटल्याशिवाय जामीन मिळत नाही. खटला उभा राहण्याआधीच असे काही पटवून देणे किती अवघड असते हे सांगायला नको. अल्प प्रमाणात ही अट नाही, तरीही जामीन हक्काने मिळतोच असे नाही. २०२० मध्ये एका गाजलेल्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने या कायद्याखालील सगळेच गुन्हे अजामीनपात्र असल्याचा निर्वाळा दिला. म्हणजे पोलीस ठाण्यातून जामिनावर सुटका नाही, न्यायालयातच जावे लागते.

पुडीत हेरॉइन किती आहे, हे का मोजत नाहीत?

गर्दच्या पुडीत हेरॉइन थोडेच असते, बाकी कसली तरी पावडर असते. मग पाच ग्रॅम मोजायचे ते कशाचे? २००८ मध्ये ई. मायकेल राज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शुद्ध पदार्थाचे वजन धरावे असे सांगितले होते. २००९ मध्ये केंद्राने अधिसूचना काढून सगळ्या मिश्रणाचे वजन धरायचे ठरवले, आणि एप्रिल २०२० मध्ये हिरा सिंग खटल्यात तीन न्यायाधीशांच्या पीठाने मायकेल राजचा निर्णय रद्द ठरवून केंद्राची बाजू उचलून धरली. आता भेसळीसकट पूर्ण वजन धरले जाते.

गावातील दूध संकलन केंद्रावर शेतकऱ्याच्या दुधाचे फॅट काढून भाव ठरवतात, पाणी घातलेल्या कॅनचे लिटर मोजून नव्हे. एनडीपीएस कायदा कॅनचे लिटर मोजतो. समजा २६० ग्रॅम गर्द पकडली आणि तिच्यात ५ टक्के हेरॉइन निघाले, तर प्रत्यक्ष हेरॉइन १३ ग्रॅम भरते, पण शिक्षा मात्र व्यापारी प्रमाणाची, किमान १० वर्षांची. न्यायालयाच्या भूमिकेमागे कारण आहे, आणि ते दुर्लक्षिण्याजोगे नाही. हे विष बाजारात मिश्रण म्हणूनच विकले जाते, मिश्रण म्हणूनच शरीरात जाते, आणि शुद्धतेचा हिशेब धरला तर मोठे विक्रेते भेसळीच्या आडून सुटतात.

विक्रेत्याच्या बाबतीत मला हा युक्तिवाद पटतो. व्यसनी माणसाच्या बाबतीत तो घातक ठरतो. रोज फेऱ्या नकोत म्हणून ज्याने चार-सहा दिवसांची बेगमी करून ठेवली, त्याच्याकडे सहा ग्रॅम गर्द सापडली की तो अल्प प्रमाणाच्या रेषेपलीकडे जातो. त्या सहा ग्रॅमच्या ५ टक्के म्हणजे ०.३ ग्रॅम एवढेच हेरॉइन असले तरी. त्याने शिक्षेची कमाल मर्यादा एका वर्षावरून दहा वर्षांवर जाते. त्याहून मोठे नुकसान असे, की कायद्याने व्यसनी माणसासाठी ठेवलेला एक दरवाजा त्याच्यापुरता बंद होतो.

कायद्यातच असलेला, पण कोणी न दाखवणारा दरवाजा

तो दरवाजा म्हणजे कलम ६४-अ. ज्याच्यावर सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप आहे अशा व्यसनी व्यक्तीने स्वतःहून व्यसनमुक्तीचे उपचार मागितले आणि सरकारी किंवा सरकारमान्य रुग्णालयात वा केंद्रात ते घेतले, तर त्या आरोपाखाली तिच्यावर खटला चालवता येत नाही, असे हे कलम सांगते. उपचार अर्ध्यावर सोडले तर हे संरक्षण काढून घेता येते. याच्या जोडीला कलम ३९ आहे. तेथे माणूस दोषी ठरलेला असतो, पण वय, पूर्वचारित्र्य आणि प्रकृती पाहून न्यायालय त्याला त्याच्या संमतीने, तुरुंगात पाठवण्याऐवजी बंधपत्रावर उपचारासाठी सोडू शकते. वर्षभराच्या आत त्याने उपचारांचा अहवाल द्यायचा, आणि तो समाधानकारक असला तर ताकीद देऊन, ठरावीक काळ गुन्ह्यापासून दूर राहण्याच्या हमीवर त्याची सुटका होऊ शकते. दोन्ही कलमांत फरक महत्त्वाचा आहे. ६४-अ मध्ये दोषी असा शिक्का बसतच नाही, ३९ मध्ये तो बसलेला असतो आणि नोकरीच्या अर्जात, पारपत्राच्या पडताळणीत तो आडवा येऊ शकतो.

कागदावर ही व्यवस्था चांगली आहे, व्यवहारात ती क्वचित वापरली जाते. विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने २०१८ मध्ये पंजाबातील एनडीपीएस खटल्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०१३ ते २०१५ या काळातील खटले तपासताना न्यायालयाने आरोपीला व्यसनमुक्तीसाठी पाठवल्याचे उदाहरण अभ्यासकांना आढळले नाही. पंजाब म्हणजे देशात अफूजन्य व्यसनाने सर्वाधिक होरपळलेल्या राज्यांपैकी एक, हे लक्षात घेतले म्हणजे या निष्कर्षाचे गांभीर्य कळते.

असे का होते, हे एखाद्या सेवनाच्या खटल्याचा प्रवास पाहिला की उमगते. पकडलेला माणूस ठाण्यात येतो तेव्हा शेवटची मात्रा घेऊन त्याला काही तास झालेले असतात, आणि न्यायालयात उभे करेपर्यंत त्याची ‘टर्की’ सुरू झालेली असते, म्हणजे नशा न मिळाल्याने होणारा शरीराचा तडफडाट. त्याला काही करून बाहेर पडायचे असते. गुन्हा कबूल केला आणि दंड भरला तर सुटका लवकर होते, उपचारांसाठी अर्ज केला तर वैद्यकीय अहवाल, मान्यताप्राप्त केंद्राचा शोध, सरकारी वकिलांचे म्हणणे आणि पुढच्या तारखा या सगळ्यातून जावे लागते. हाताशी वकील नसतो, असला तर त्याला कलम ६४-अ सुचतेच असे नाही, आणि हा पर्याय आरोपीला समजावून सांगण्याचे बंधन कलमात कोणावरही घातलेले नाही. मग तो कबुली देतो, दंड भरतो, बाहेर येतो आणि पुन्हा त्याच नाक्यावर जातो. हा दरवाजा उघडतो कोणासाठी, तर ज्याच्यापाशी वकील, पैसा आणि धीर आहे त्याच्यासाठी. २००१ मध्ये कोकेनच्या प्रकरणात अटक झालेल्या एका हिंदी चित्रपट अभिनेत्याने सरकारी रुग्णालयात उपचार घेतले आणि मुंबईच्या विशेष न्यायालयाने २०१२ मध्ये त्याला ६४-अ चा लाभ दिला. ते योग्यच झाले. पण उत्तम कायदेशीर मदत असूनही त्याला त्यासाठी अकरा वर्षे लागली.

याच माणसाविषयी देशाचा दुसरा एक कायदा अगदी वेगळे बोलतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश केला आहे. त्या कायद्यानुसार व्यसनी माणसाला उपचारांचा आणि सन्मानाने वागवले जाण्याचा हक्क आहे, त्याला साखळीने बांधणे गुन्हा आहे. त्याच्या इच्छेविरुद्ध भरती करायची तर मनोविकारतज्ज्ञासह दोघांची तपासणी आवश्यक आहे आणि पहिल्या टप्प्यात तिची मुदत ३० दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. एका कायद्याच्या नजरेत तो रुग्ण आहे, दुसऱ्याच्या नजरेत आरोपी, आणि पोलीस ठाण्यात दुसरा कायदा आधी पोहोचतो. आपल्या व्यवस्थेतील खरी खोट मला येथे दिसते: दोन कायद्यांच्या मधला रस्ता आखलेला आहे, पण तेथपर्यंत माणसाला नेण्याचे काम कोणाकडेच सोपवलेले नाही.

तुरुंगात पुडी मिळाली नाही की व्यसन आपोआप सुटत नाही का?

अनेक आईवडील हताश होऊन म्हणतात, की चार महिने आत राहिला तर बरा होऊन येईल. त्यांचा थकवा समजण्यासारखा आहे, पण अफूजन्य पदार्थांबाबत ही समजूत जिवावर बेतू शकते. रोज घेणाऱ्याच्या शरीराला मोठ्या मात्रेची सवय झालेली असते. काही आठवडे खंड पडला की ती सवय मोडते, पण मनातील ओढ तशीच राहते. बाहेर आल्यावर तो जुन्याच मात्रेकडे वळतो, आणि काल जी मात्रा त्याला फक्त सावरत होती ती आज त्याचा श्वास बंद करते. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्यांचा एक मोठा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसने मृत्यू होण्याचा धोका त्या राज्यातील इतर रहिवाशांच्या तुलनेत १२९ पट आढळला. उपचारांविना घडवलेली कैद व्यसन सोडवत नाही, ती फक्त सवय मोडते, आणि मोडलेल्या सवयीसकट माणसाला पुन्हा त्याच वस्तीत सोडते. व्यसनमुक्ती केंद्रातून मध्येच निघून आलेल्यांनाही हाच धोका असतो.

ओव्हरडोस झाल्यावर मदतीला फोन करणाऱ्याला अटक होईल का?

डॉक्टरांच्या बाजूने कायदा स्पष्ट आहे. १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की जीव वाचवणे प्रथम, पोलिसी सोपस्कार नंतर, आणि हे बंधन सरकारी व खासगी अशा दोन्ही डॉक्टरांवर आहे. त्यामुळे ‘ही पोलीस केस आहे, आम्ही हात लावणार नाही’ असे कोणतेही रुग्णालय म्हणू शकत नाही. विषबाधेची नोंद वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण म्हणून होते आणि पोलिसांना कळवले जाते, पण उपचार त्यासाठी थांबवता येत नाहीत.

सोबत्याच्या बाजूने मात्र कायदा गप्प आहे. रस्त्यावरील अपघातात जखमीला मदत करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ घालून संरक्षण दिले. ते संरक्षण मोटार अपघातापुरते आहे. एका खोलीत दोघांनी गर्द ओढली, एक बेशुद्ध पडला आणि दुसऱ्याने १०८ ला फोन केला, तर त्या दुसऱ्यावर सेवनाचा किंवा बाळगण्याचा गुन्हा दाखल करू नये असे सांगणारी तरतूद एनडीपीएस कायद्यात नाही. प्रत्येक वेळी गुन्हा नोंदवला जातोच असे नाही, पण त्या भेदरलेल्या माणसाला हे कसे कळावे? तो पळून जातो, किंवा मित्राच्या तोंडावर पाणी मारत, गालावर चापट्या मारत मोलाचा वेळ घालवतो.

अमेरिकेत हा प्रश्न खूप मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. तेथे २०२३ मध्ये ओव्हरडोसने सुमारे १ लाख ५ हजार माणसे दगावली आणि त्यांतील सुमारे तीनचतुर्थांश मृत्यूंत अफूजन्य पदार्थांचा, विशेषतः बेकायदा फेंटानिलचा हात होता. तेथे न्यू मेक्सिको राज्याने २००७ मध्ये पहिल्यांदा असा कायदा केला, की ओव्हरडोसच्या वेळी मदत मागणाऱ्यावर आणि खुद्द रुग्णावर बाळगल्याबद्दल खटला चालवायचा नाही. पुढे जवळजवळ सगळ्या राज्यांनी तसे कायदे केले, आणि २०२३ मध्ये नॅलॉक्सोनचा नाकात मारायचा फवारा डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकायला परवानगी मिळाली. आपल्याकडे नॅलॉक्सोन मुख्यतः रुग्णालयात, इंजेक्शनच्या रूपात असते. अपघातातील मदतनीसाला जे संरक्षण आपण दिले, तेच ओव्हरडोसच्या वेळी मदत करणाऱ्याला देण्यात कोणती अडचण आहे हे मला आजवर कळलेले नाही. त्याने एकही विक्रेता मोकळा सुटणार नाही, कारण संरक्षण केवळ सेवन आणि अल्प साठा यांपुरते ठेवता येते.

मृत्यू झालाच, तर गुन्हा कोणावर?

ओव्हरडोसचा मृत्यू हा संशयास्पद मृत्यू असल्याने पोलीस पंचनामा करतात, शवविच्छेदन होते आणि शरीरातील अवयवांचे नमुने रासायनिक तपासणीला जातात. पुडी विकणाऱ्यावर एनडीपीएसखाली विक्रीचा गुन्हा लागतोच. त्याच्यावर मृत्यूची जबाबदारी टाकता येते का, हा त्याहून अवघड प्रश्न आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूसाठी पाच वर्षांपर्यंत शिक्षा सांगते, पण त्यासाठी आरोपीची कृती हे मृत्यूचे थेट कारण असावे लागते. मुंबईतील एका रंगाच्या कारखान्यात लागलेल्या आगीच्या प्रकरणात, कुर्बान हुसेन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व अधोरेखित केले होते. मृताने पदार्थ स्वतःच्या हाताने घेतलेला असला, तर विक्रेत्यापासून मृत्यूपर्यंतची साखळी मध्येच तुटते असा बचाव उभा राहतो. अमेरिकेतील अनेक राज्यांनी ओव्हरडोसच्या मृत्यूला मनुष्यवध मानणारे वेगळे कायदे केले, पण त्यांचा फास मोठ्या तस्करांऐवजी पुष्कळदा पुडी वाटून घेणाऱ्या मित्राच्याच गळ्याभोवती बसला, आणि फोन करण्याची भीती वाढली.

मोठ्या टोकाला औषध कंपन्या असतात. अमेरिकेत पर्ड्यू फार्मा या कंपनीने १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन ही वेदनाशामक गोळी बाजारात आणली आणि तिचे व्यसन लागण्याचा धोका कमी असल्याचे सांगत ती खपवली. दिशाभूल केल्याची कबुली कंपनीने २००७ मध्ये न्यायालयात दिली, २०२० मध्ये पुन्हा गुन्हे कबूल केले, आणि दिवाळखोरीच्या आडून मालक कुटुंबाला कायमचे संरक्षण देणारी तडजोड जून २०२४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. आपला संबंध अधिक जवळचा आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्रातील एका कंपनीच्या गोळ्या पश्चिम आफ्रिकेत नशेसाठी विकल्या जात असल्याचे बीबीसीने उघडकीस आणले. टॅपेंटाडोल हे अफूजन्य वेदनाशामक आणि कॅरिसोप्रोडोल हे स्नायू शिथिल करणारे औषध यांचे ते मिश्रण होते. त्यानंतर केंद्र सरकारने त्या मिश्रणाच्या उत्पादनाची आणि निर्यातीची परवानगी मागे घेतली. पुडी बाळगणाऱ्याचा हिशेब ग्रॅममध्ये करणाऱ्या व्यवस्थेने कारखान्याच्या दारावरही तितकीच बारीक नजर ठेवली पाहिजे.

धाकच काढून घेतला तर व्यसन बोकाळणार नाही का?

ही शंका प्रामाणिक आहे, तिचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. पोर्तुगालने जुलै २००१ पासून दहा दिवसांच्या वापराएवढा साठा बाळगणे फौजदारी गुन्ह्यांतून वगळले. हेरॉइनसाठी ही मर्यादा १ ग्रॅम आहे, म्हणजे आपल्या अल्प प्रमाणाच्या पाचवा भाग. तेथे पकडलेल्याला न्यायालयाऐवजी तीन सदस्यांच्या समितीपुढे नेतात, ती समिती त्याला उपचारांकडे वळवते, विक्री मात्र गुन्हाच राहिली. बदलानंतरच्या वर्षांत तेथे ओव्हरडोसचे मृत्यू आणि सुयांमुळे होणारी एचआयव्हीची लागण खूप कमी झाली. याउलट अमेरिकेतील ऑरेगॉन राज्याने २०२० मध्ये सार्वमताने बाळगण्याची शिक्षा काढली, पण उपचारांची यंत्रणा वेळेत उभी राहिली नाही, रस्त्यांवर उघड सेवन वाढल्याची ओरड झाली, आणि २०२४ मध्ये तो गुन्हा पुन्हा पुस्तकात आला. शिक्षा काढली तर तिच्या जागी काहीतरी ठेवावे लागते. पोर्तुगालने ते ठेवले होते.

आपल्याकडे धाक कमी आहे असे कोणी म्हणू नये. एनडीपीएस कायद्यात काही पुनरावृत्त गुन्ह्यांसाठी फाशी अनिवार्य होती. २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती अनिवार्यता घटनाबाह्य मानली आणि २०१४ मध्ये संसदेने ती ऐच्छिक केली. धाकाची परिसीमा गाठलेल्या याच कायद्याच्या छायेत २०१९ चे सर्वेक्षण ७७ लाखांचा आकडा दाखवते.

गोळी देऊन गोळीचे व्यसन कसे सुटणार?

अफूजन्य व्यसनावरील सर्वांत भक्कम पुरावा असलेला उपचार म्हणजे ओएसटी, म्हणजेच पर्यायी औषधोपचार. त्यात केंद्रातील कर्मचाऱ्यासमोर ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली ठेवायला किंवा मेथाडोनचे द्रावण प्यायला देतात. ती औषधे टर्की थांबवतात, ठरलेल्या मात्रेत झिंग आणत नाहीत, आणि माणसाला सुई, पुडी व पोलीस यांच्या चक्रातून बाहेर काढून कामावर जाता येईल इतपत स्थिर करतात. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्था हा कार्यक्रम प्रामुख्याने सुईने नशा करणाऱ्यांसाठी चालवते. ‘एक नशा काढून दुसरी लावली’ हा आक्षेप रोजच्या अनुभवापुढे टिकत नाही. या उपचारात असलेल्यांचे मृत्यूचे प्रमाण उपचारांबाहेरच्यांपेक्षा बरेच कमी असते, हे अनेक देशांत दिसून आले आहे.

अडचण अशी, की ही औषधे त्याच एनडीपीएस कायद्याच्या कचाट्यात आहेत. कायद्याच्या भीतीने औषध गायब होण्याचा अनुभव आपण मॉर्फीनच्या बाबतीत घेतला आहे. १९८५ नंतर परवान्यांच्या जंजाळामुळे देशातील वैद्यकीय मॉर्फीनचा वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घसरून १९९७ मध्ये १८ किलोवर आला, आणि कर्करोगाच्या असंख्य रुग्णांना वेदनेत मरावे लागले. २०१४ च्या दुरुस्तीने काही औषधांना ‘अत्यावश्यक’ ठरवून एकच परवाना पुरेसा केला, तेव्हा ही गाठ थोडी सैल झाली.

घरच्यांनी काय करावे

माणूस बेशुद्ध असेल, श्वास मंद किंवा घरघरता असेल, तर १०८ ला फोन करावा, त्याला कुशीवर वळवावे, एकटे सोडू नये आणि काय घेतले आहे ते डॉक्टरांना खरे सांगावे. उतारा कोणता द्यायचा हे त्यावरच ठरते.

अटक झाली असेल तर गुन्हा कबूल करण्यापूर्वी वकिलाला दोन गोष्टी विचाराव्यात: पंचनाम्यात वजन किती लिहिले आहे, आणि कलम ६४-अ खाली अर्ज करता येईल का. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे कोठडीतील माणसासाठी मोफत वकील मागता येतो. टर्की सुरू असेल तर न्यायालयात उभे करताच वैद्यकीय तपासणीची मागणी करावी, कारण तो अहवाल पुढे व्यसनाचा पुरावा म्हणून उपयोगी पडतो. उपचारांसाठी केंद्र निवडताना ते सरकारमान्य आहे याचा कागद पाहावा. मान्यता नसलेल्या ठिकाणी घेतलेले उपचार कितीही चांगले असले, तरी ६४-अ च्या अर्जाला ते आधार देत नाहीत. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून हे काम करत आहे, आणि जवळचे केंद्र शोधण्यासाठी केंद्र सरकारची १४४४६ ही मोफत मदतवाहिनी आहे. अजून अटक झालेली नसेल तर तेथे आजच फोन करता येतो, त्यासाठी कोणत्याही गुन्ह्याची नोंद व्हावी लागत नाही.